शस्त्रक्रियेचे यंत्र आणि देशी कारखाना

हुबळी-धारवाडकडील रुग्णाला अवघड शस्त्रक्रिया सांगितली की घरातील मंडळी पुष्कळदा बंगळूरच्या गाडीची चौकशी करू लागतात. सुमारे चारशे किलोमीटरांचा हा प्रवास टळेल काय, हा प्रश्न आता एका नव्या यंत्रोद्योगाशी जोडला गेला आहे.

'रोबो' या शब्दाने भिणाऱ्यांनी एवढे ध्यानी घ्यावे की, हे यंत्र आपल्या मनाने काहीच करीत नाही. शल्यविशारद रुग्णापासून थोडा दूर बसून मुठी हलवितो आणि लहान छिद्रांतून देहात शिरलेली बारीक हत्यारे तशीच वळतात. हाताचा कंप मधल्यामध्ये गाळला जातो. बोटांची मोठी हालचाल आत इवलीशी होऊन उतरते.

अमेरिकेतील 'दा विंची' यंत्राला तेथील शासनाची मान्यता २००० साली मिळाली. पुढे बराच काळ जगात त्याचीच सद्दी होती. यंत्र महाग आहेच, पण खरी मेख हत्यारांत आहे. प्रत्येक हत्यार किती वेळा वापरले याचा हिशेब यंत्रच ठेवते आणि ठरलेली संख्या भरली की धडधाकट दिसणारे हत्यारही टाकावे लागते. घोडा दान मिळाला तरी चंदी विकतचीच!

म्हणून गुरुग्रामचा उद्योग महत्त्वाचा. हृदयशल्यविशारद डॉ. सुधीर श्रीवास्तव यांच्या कंपनीच्या 'एसएसआय मंत्रा' यंत्राला २०२२ साली भारतीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. यंत्राबरोबर त्याची हत्यारेही ही कंपनी देशातच घडविते. न्यूयॉर्कमध्ये बसून स्ट्रासबर्ग येथील रुग्णाचे पित्ताशय काढण्याचा पराक्रम २००१ सालीच झाला होता. जानेवारी २०२५ मध्ये या देशी यंत्राने गुरुग्रामहून २८६ किलोमीटरांवरील जयपूरच्या रुग्णाच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली.

हुबळीला यंत्रांचे अप्रूप नाही. दक्षिण मराठा रेल्वेची इंजिने विलायतेहून आली, पण त्यांची दुरुस्ती येथील कारखान्यातील हातांनी आत्मसात केली. १९४७ साली निघालेले येथील भूमरड्डी अभियांत्रिकी महाविद्यालय आज के. एल. ई. तंत्रज्ञान विद्यापीठ झाले असून तेथे रोबोटिक्सचे शिक्षण मिळते. यंत्र विकत घेणे एक वेळ सोपे, परंतु ते बिघडल्यास त्याच दिवशी हाताशी तंत्रज्ञ मिळाला नाही, तर जिल्ह्याच्या रुग्णालयात ते झाकूनच ठेवावे लागेल. तज्ज्ञ दूर बसलेला असला तरी रुग्णापाशी जाणत्या शल्यविशारदाचे पथक लागतेच. जयपूरलाही ते खाटेशी सज्ज होते.