ठेवणीतली ओव्हर

शेवटची ओव्हर कुणाला द्यायची, हे शेवटच्या ओव्हरला ठरत नसतं. आमच्या पुनावळ्यात टेनिस बॉलच्या सामन्याला घटकाभर उभं राहिलं की हे कळतं. हुकमी गोलंदाज आधीच संपवला, की बाहेरून ओरडा सुरू होतो, ‘अरे, त्याची एक ठेवायची ना!’ ही ‘एक ठेवण्याची’ विद्या मला कुठल्याही कव्हर ड्राइव्हपेक्षा जास्त मोहवते.

अमेरिकेतल्या बेसबॉलने तर या विद्येचा स्वतंत्र पेशाच केला. तिथे पिचरला, म्हणजे गोलंदाजाला, ओव्हरची मर्यादा नाही, पण मॅनेजरने एकदा बाहेर काढला की त्या सामन्यात तो परत येत नाही. दमलेल्याच्या जागी ताज्या दमाचा येतो आणि आघाडी थोडकी असली, तर शेवटच्या, नवव्या डावात ‘क्लोझर’. १९८८च्या सुमाराला ओकलंडच्या टोनी ला रुसा यांनी डेनिस एकर्सलीला असा राखून वापरला आणि बाकीच्यांनी तोच कित्ता गिरवला. यांकीजच्या मारियानो रिव्हेराच्या नावावर असे ६५२ ‘सेव्ह’, म्हणजे शेवटी राखलेले विजय, आहेत. पण सामना सातव्या डावातच हातचा जात असेल, तर उत्तम पिचर नवव्यासाठी झाकून ठेवण्यात काय हशील?

आपल्याकडचा पेच याहून अवघड, कारण हाताशी जे आहेत त्यांच्यातच भागवायचं. त्याचा उत्तम नमुना आमच्या शेजारी, गहुंज्याच्या स्टेडियममध्ये घडला. २८ मार्च २०२१, भारत-इंग्लंड तिसरा वनडे. कोरोनामुळे स्टँड ओस. एवढ्या जवळ असून आम्ही टीव्हीसमोर! इंग्लंडला ३३० हवे होते आणि आठव्या क्रमांकावरचा सॅम करन हटत नव्हता. प्रसिद्ध कृष्णाच्या ७ ओव्हरमध्ये ६२ गेल्या होत्या, म्हणजे त्याच्या उरलेल्या तीन असून नसल्यासारख्या. भुवनेश्वरने मात्र त्याच खेळपट्टीवर १० ओव्हरमध्ये फक्त ४२ दिल्या. कर्णधार कोहलीने त्याची शेवटची ओव्हर अठ्ठेचाळिसावी ठेवली, एकोणपन्नासावी हार्दिकला दिली आणि पन्नासावी नटराजनला. अनेकांना हा क्रम उलटा वाटला. मला तो पक्का वाटतो. धावांचा ओघ आधी आवळला, म्हणून तर शेवटी राखायला १४ उरल्या.

नटराजन तमिळनाडूतल्या सेलमजवळच्या चिन्नप्पमपट्टीचा, टेनिस बॉलवर यॉर्कर घोटलेला डावखुरा. त्या दिवशी त्याला मार बसला होता, १० ओव्हरमध्ये ७३. तरी त्या ओव्हरच्या पहिल्याच चेंडूवर मार्क वूड धावबाद झाला, आणि सहा चेंडूंत गेल्या अवघ्या सहा धावा. करन नाबाद ९५. आपण सात धावांनी जिंकलो.

याच मैदानावर ३१ जानेवारी २०२५ला तर थेट बेसबॉलसारखंच घडलं. इंग्लंडविरुद्धच्या टी-ट्वेंटीत शिवम दुबेने ५३ काढल्या, शेवटच्या ओव्हरमध्ये हेल्मेटवर चेंडू बसला आणि त्याच्या जागी दुसऱ्या डावात हर्षित राणा उतरला. ताज्या दमाचा, अस्सल वेगवान. भारतासाठीचा पहिलाच टी-ट्वेंटी सामना त्याने असा अर्ध्यातून सुरू केला आणि ३३ धावांत ३ बळी घेतले. भारत १५ धावांनी जिंकला. इंग्लंडचा कर्णधार बटलर वैतागला, कारण डोक्याला मार बसून जो बाहेर गेला त्याच्यासारखाच खेळाडू आत यावा, असा नियम आहे. सामनाधिकारी जवागल श्रीनाथ यांनी मंजुरी दिलेली होती. तरीही बटलरचं म्हणणं मला रास्त वाटतं. दुबे फलंदाजीच्या जोरावर खेळतो, गोलंदाजी त्याची जोडधंद्याची. त्याच्या बदल्यात अख्खा वेगवान गोलंदाज मिळणार असेल, तर ओव्हर राखण्याचा सगळा हिशेबच मोडतो.