हरळीचा रकाना

पहाटे फरशीवर नखांची खरवड ऐकू आली की माझा हात आधी फोनकडे जातो, दिव्याच्या बटणाकडे नंतर. स्टॉपवॉच सुरू. मग टीपॉय बाजूला आणि ठकीच्या डोक्याखाली उशी. आपल्या हातात एवढंच असतं. आधी ती लाकडासारखी ताठ होते, मान मागे ओढली जाते. मग चारही पाय सायकल मारल्यासारखे चालतात, जबडा टकटक वाजतो, तोंडाला फेस, खाली लघवीचं थारोळं. आजवरची सर्वांत लांब फिट दोन मिनिटं दहा सेकंदांची. स्टॉपवॉच नसतं तर मी शपथेवर दहा मिनिटं सांगितली असती. पाच मिनिटं ओलांडली, किंवा चोवीस तासांत दुसरी आली, तर मात्र कपडेसुद्धा न बदलता दवाखाना गाठायचा.

ठकी गावठी कुत्री, बारा किलोची, आता पाच वर्षांची. पहिली फिट आली तेव्हा तीन वर्षांची होती. त्या रात्री शेजारच्या काकू कांदा फोडूनच धावत आल्या, "हुंगव तिला, हुंगव!" मागून कुणी तरी चप्पल पुढे केली. फेफऱ्यावर माणसांना करायचे हे उपाय कुत्रीला करताना कुणाला काही वावगं वाटलं नाही. काकूंना हसायचा मला अधिकार नाही; जीभ गिळेल या भीतीनं मी स्वतः चमचा घेऊन तिच्या तोंडाकडे निघाले होते. फिटमध्ये जीभ कुणी गिळत नाही. आपलं बोट मात्र त्या जबड्यात सापडू शकतं.

रक्ताच्या तपासण्यांत काही निघालं नाही, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "इडिओपॅथिक." कारण सापडत नाही, असा अपस्मार. कुत्र्यांत तो बहुतेकदा सहा महिने ते सहा वर्षं या वयात सुरू होतो. गोळी लिहून दिली आणि म्हणाले, "वही ठेवा. तारीख, वेळ, किती सेकंद, आदल्या दिवशी काय खाल्लं." या शेवटच्या रकान्यानं मला गवताच्या नादी लावलं.

कारण ठकी पाला खाते. सगळीच कुत्री कधी ना कधी खातात, पण ही निवडून खाते. अंगणात कुंपणाच्या कडेला हरळी आहे; तिथं जाऊन आधी नाकानं चाळते. जाड, जुनी पाती सोडून देते. कोवळं टोक सापडलं की मान तिरकी करून दाढेत धरते, कट्‌कन तोडते, डोळे अर्धे मिटून चावते. पुढचे दात नुसते बघे. दहा-बारा पाती झाली की थांबते. दुसऱ्या दिवशी तीच पाती जशीच्या तशी बाहेर आलेली दिसतात, आणि कधी एखादं अर्ध्यातच अडकतं. मग जे करावं लागतं त्याचं वर्णन करत नाही.

दूर्वा म्हणजे हरळीच. गेल्या गणपतीत आईनं एकवीस दूर्वांची जुडी ताम्हनात ठेवली आणि नैवेद्य बघायला आत गेली. परत आली तर ताम्हनात फक्त दोरा. ठकी चौरंगाशेजारी, कमालीच्या निष्पाप चेहऱ्यानं बसलेली.

फिटच्या आदल्या संध्याकाळी हरळी खाल्ल्याची नोंद वहीत तीनदा सापडली, तेव्हा मला वाटलं, हिला आधीच कळतंय! येणाऱ्या झटक्याची चाहूल, पोटातून उठणारं काही तरी, म्हणून गवत. मी इतकी खूश झाले की डॉक्टरांना पानांची नावं लावून तक्ताच दाखवला. त्यांनी तो शांतपणे पाहिला आणि विचारलं, "आणि फिट आली नाही त्या दिवसांचं काय?" ते मी लिहिलंच नव्हतं. पुढचे चार महिने रोज लिहिलं. हरळी ती जवळजवळ रोजच खात होती. आणि त्या चार महिन्यांतली सर्वांत मोठी फिट आली ती मुसळधार पावसाच्या दिवशी, जेव्हा तिनं अंगणात पाऊलही टाकलं नव्हतं.

मला वाईट वाटलं. चाहूल लागली असती तर झोप तरी लागली असती.

गवत म्हणजे पोट बिघडलं, हा समजही त्याच सुमारास गेला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यक महाविद्यालयातल्या बेंजामिन हार्ट यांनी 2008 साली सुमारे दीड हजार कुत्रेवाल्यांची उत्तरं छापली. खाण्याआधी कुत्रं वरचेवर आजारी दिसतं, असं सांगणारे शंभरात आठ. खाल्ल्यावर नेहमी ओकतं म्हणणारे बावीस. बाकीच्यांची नुसतीच खातात. रानटी पूर्वजांची सवय असावी, असा त्यांचा अंदाज.

ठकीच्या बाबतीत एक गोष्ट मात्र खरीच बदलली, आणि ती गोळीनं. फेनोबार्बिटोन हे 1912 पासून माणसांच्या अपस्मारावर वापरलं जाणारं औषध. आमच्याकडे अर्धी गोळी, सकाळी आठ आणि रात्री आठ, भाकरीच्या पापुद्र्यात गुंडाळून. मिळतं ते माणसांच्याच मेडिकलमध्ये. "पेशंटचं वय?" "पाच." दुकानदाराच्या चेहऱ्यावर इतकी कणव आली की कुत्री आहे हे सांगायला जीभ रेटेना. या गोळीनं तहान वाढते, लघवी वाढते आणि भूक तर राक्षसी होते. मग निवड हरळीपुरतीच उरली. मेथीच्या काड्या, कोथिंबिरीचे देठ, पेरूची गळलेली पानं, एकदा तर कढीपत्त्याचं अख्खं रोप. भाजी निवडायला बसलं की गुडघ्याला नाक लागलंच.

तेव्हा मात्र अंगण नव्या नजरेनं बघावं लागलं. कण्हेर काढली, तिचा चीक हृदयावर जातो. सायकस काढलं, त्याच्या बिया यकृत निकामी करतात, वर झटकेही आणतात. देव्हाऱ्यातला कापूर वरच्या फळीवर गेला. 1934 मध्ये मेदुना नावाच्या डॉक्टरनं बुडापेस्टला मनोरुग्णांना मुद्दाम झटके आणले होते, ते कापरानंच. आईला हे सांगितल्यावर तिनं डबी आपणहून उचलली, पण कण्हेरीसाठी दोन दिवस बोलली नाही.

फिट ओसरली की ठकी उठते, भिंतीला धडकते, मला ओळखत नाही. अर्ध्या तासानं ओळखते आणि भुकेनं कासावीस होते. मूठभर भात देते. तो संपला की ती दाराशी जाऊन उभी राहते. अंगणात आईनं फुटक्या घमेल्यात तिच्यासाठी वेगळी हरळी लावलीय. परवा पहाटे साडेचारला बॅटरी धरून मी शेजारी उभी होते. पाय अजून लटपटत होते, पण जाड पाती तिनं नेहमीसारखीच बाजूला सारली. आत आल्यावर वहीत लिहिलं: एक मिनिट चाळीस सेकंद. नंतर : हरळी, नऊ पाती.