कावळा बसला आणि फांदी तुटली

'कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ' ही म्हण आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकलेली आहे. संस्कृतात यालाच काकतालीय न्याय म्हणतात. एका गोष्टीच्या पाठोपाठ दुसरी घडली, एवढ्यावरून पहिली दुसरीचे कारण ठरत नाही, हा त्याचा अर्थ. गेल्या वर्षी तर्कशास्त्राच्या तासाला सरांनी हा न्याय समजावून सांगितला तेव्हा वर्गात बराच हशा पिकला. मला मात्र हसू आले नाही. मला एकदम माझे धाकटे मामा आठवले.

२०२१ चा एप्रिल महिना. आमची दहावीची परीक्षा रद्द झाली ते हे वर्ष. मामा करोनाने आजारी पडले आणि जिल्ह्याच्या गावी एका दवाखान्यात त्यांना दाखल केले. दुसऱ्या दिवशी चिठ्ठी हातात आली, 'प्लाझ्माची व्यवस्था करा.' मग काय विचारता! बाबांनी तीन दिवस फोनवर फोन केले. आईने पाटल्या गहाण ठेवल्या. अखेर शेजारच्या तालुक्यातला, करोनातून नुकताच उठलेला एक तरुण मिळाला. रक्तगट जुळला, प्लाझ्मा चढवला गेला आणि त्यानंतर चौथ्या दिवशी मामा गेले. त्या दिवसापासून आई एकच वाक्य बोलत आलेली आहे, "एक दिवस आधी मिळाला असता ना, तर माझा भाऊ वाचला असता."

हे वाक्य खरे की खोटे, एवढेच मला जाणून घ्यायचे होते. मी कलाशाखेची विद्यार्थिनी. विज्ञानाशी माझा संबंध शाळेतच सुटला. पण शोधता शोधता वैद्यकातील अलीकडचे बरेच संशोधन वाचनात आले, आणि त्या सगळ्याच्या मुळाशी एकच साधा प्रश्न आहे असे दिसून आले. तो प्रश्न म्हणजे, 'तुलना कोणाशी?' त्या प्रश्नाची ओळख माझ्यासारख्याच इतरांना करून द्यावी, म्हणून हा लेख.

प्रथम प्लाझ्माविषयी. प्लाझ्मा म्हणजे रक्तातील पेशी वगळता उरणारा पिवळसर द्रव. एखाद्या रोगातून माणूस बरा झाला की त्या रोगाशी झुंजणारी प्रतिपिंडे या द्रवात तयार असतात. ती दुसऱ्या रुग्णाला दिली तर त्यालाही बळ मिळावे, हा विचार तर्काला पटणारा आहे. घटसर्पावरील रक्तजलाचा उपचार याच तत्त्वावर उभा होता आणि त्यासाठी एमिल फॉन बेरिंग यांना १९०१ साली वैद्यकाचे पहिले नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा आमच्या डॉक्टरांनी काही जगावेगळे सांगितले होते असे नव्हे.

परंतु तर्काला पटणे वेगळे आणि माणसाच्या शरीरात खरे ठरणे वेगळे. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचे उदाहरण पाहा. २०२० च्या आरंभी प्रयोगशाळेतील काचपात्रात या वर्गातील औषधांनी करोनाचा विषाणू रोखला, आणि जगभर त्यांचा गवगवा झाला. पण त्या काचपात्रातील पेशी होत्या आफ्रिकेतील एका माकडाच्या मूत्रपिंडाच्या. पुढे त्याच वर्षी जर्मन संशोधकांनी माणसाच्या फुप्फुसाच्या पेशींवर क्लोरोक्विन वापरून पाहिले, तर तेथे विषाणूला अटकाव झालाच नाही. हा विषाणू त्या दोन प्रकारच्या पेशींत वेगवेगळ्या वाटांनी शिरतो. औषध एका वाटेवर पहारा देत होते, आणि फुप्फुसात चोर दुसऱ्याच दाराने येत होता! इंग्लंडमध्ये दवाखान्यातील हजारो रुग्णांवर हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची चाचणी झाली, तेव्हाही त्याने मृत्यू कमी झाले नाहीत.

मग औषध खरोखर लागू पडते हे ओळखायचे कसे? आमच्याच गल्लीतील एक गृहस्थ प्लाझ्मा घेऊन बरे झाले. म्हणजे प्लाझ्मा गुणकारी? माझे मामा प्लाझ्मा घेऊनही गेले. म्हणजे प्लाझ्मा निरुपयोगी? खरे पाहता दोन्ही निष्कर्ष म्हणजे कावळा आणि फांदीच. त्या गृहस्थांना प्लाझ्मा मिळाला नसता तर काय झाले असते, हे आपल्याला ठाऊक नाही. एकाच माणसाला एकाच वेळी औषध देता येत नाही आणि न देताही ठेवता येत नाही. म्हणून माणसांचे दोन गट करावे लागतात. एकाला नेहमीच्या उपचारांबरोबर नवे औषध द्यायचे, दुसऱ्याला केवळ नेहमीचे उपचार. या दुसऱ्या गटाला नियंत्रण गट म्हणतात.

येथे एक मेख आहे. कोणाला कोणत्या गटात घालायचे हे डॉक्टरांवर सोपवले, तर त्यांच्याही नकळत धडधाकट रुग्ण एका बाजूला जाऊ शकतात. यावर उपाय म्हणजे चिठ्ठ्या टाकणे. चिठ्ठीला श्रीमंत-गरीब, तरुण-म्हातारा, लाडका-दोडका काही कळत नाही. त्यामुळे रुग्णांची संख्या पुरेशी असली की दोन्ही गट जवळजवळ सारखे होतात, आणि शेवटी जो फरक उरतो तो औषधाच्या पदरात टाकता येतो.

या पद्धतीचा आधुनिक वैद्यकातील नामांकित आरंभ इंग्लंडमधला, आणि तो क्षयरोगाच्या संदर्भातला. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे स्ट्रेप्टोमायसिन फारच थोडे उपलब्ध होते, सर्वांना पुरण्यासारखे नव्हतेच. तेव्हा १०७ रुग्णांची निवड बंद पाकिटांतील चिठ्ठ्यांनी झाली. ५५ जणांना विश्रांतीबरोबर औषध मिळाले, ५२ जणांना नुसती विश्रांती, कारण त्या काळी तोच रूढ उपचार होता. सहा महिन्यांत पहिल्या गटातले ४ दगावले, दुसऱ्यातले १४. १९४८ साली हे आकडे प्रसिद्ध झाले आणि 'मला अनुभव आहे' या शब्दांचे वैद्यकातील वजन कायमचे कमी झाले.

आता पुन्हा प्लाझ्माकडे वळू. आपल्या देशात भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने एप्रिल ते जुलै २०२० या काळात ३९ रुग्णालयांतील ४६४ रुग्णांवर नेमकी अशीच चाचणी घेतली. २३५ जणांना प्लाझ्मा दिला, २२९ जणांना दिला नाही. बाकीचे उपचार दोघांनाही सारखेच. अठ्ठावीस दिवसांत आजार बळावला किंवा मृत्यू आला असे रुग्ण प्लाझ्माच्या गटात ४४, म्हणजे १९ टक्के. प्लाझ्मा न मिळालेल्या गटात ४१, म्हणजे १८ टक्के. थोडक्यात, काहीही फरक नाही. हा निष्कर्ष ऑक्टोबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे इंग्लंडमध्ये अकरा हजारांहून अधिक रुग्णांवर चाचणी झाली. तेथेही मृत्यूचे प्रमाण दोन्ही गटांत २४ टक्केच भरले. आपल्याकडील उपचारांच्या सरकारी मार्गदर्शिकेतून प्लाझ्मा वगळला गेला तो मे २०२१ मध्ये. मामा एप्रिलमध्ये गेले. म्हणजे आईने पाटल्या गहाण ठेवल्या तेव्हा उत्तर छापून सहा महिने झाले होते. ते आमच्यापर्यंत पोचलेले नव्हते, इतकेच.

या पद्धतीचे काम केवळ 'नाही' म्हणण्याचे आहे, असा मात्र कोणी ग्रह करून घेऊ नये. इंग्लंडमधील त्याच मोठ्या चाचणीत डेक्सामेथासोन नावाचे साठ वर्षांहून जुने आणि अगदी स्वस्त औषधही तपासले गेले. विषाणूशी लढताना शरीराची स्वतःचीच फौज कधी कधी अनावर होते आणि फुप्फुसे जाळू लागते. हे औषध त्या फौजेला आवरते. कृत्रिम श्वासयंत्रावरील रुग्णांत मृत्यूचे प्रमाण ४१ टक्क्यांवरून २९ टक्क्यांवर आले. पण ज्यांना प्राणवायूची गरजच नव्हती, अशा रुग्णांना काही लाभ झाला नाही. कोणाला द्यावे आणि कोणाला देऊ नये, या दोन्ही गोष्टी एकाच तुलनेतून कळल्या.

इतर क्षेत्रांतही हेच दिसते. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राच्या पुढाकाराने, डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली, अकरा ठिकाणी स्तनाच्या कर्करोगाच्या सुमारे सोळाशे स्त्रियांवर एक चाचणी झाली आणि तिचा निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाला. दात काढताना हिरडीत टोचतात त्याच जातीचे बधिरतेचे औषध, शस्त्रक्रियेपूर्वी सात ते दहा मिनिटे गाठीच्या सभोवती टोचायचे, एवढाच उपचार. पाच वर्षांनी हयात असलेल्या स्त्रियांचे प्रमाण औषध न टोचलेल्या गटात ८६.४ टक्के आणि टोचलेल्या गटात ९०.१ टक्के निघाले. गाठीला शस्त्र लागताना कर्कपेशी इतरत्र पसरण्याला या औषधाने अडथळा येत असावा, असा संशोधकांचा तर्क आहे. शंभरात तीन-चार जणींचा हा फरक एकट्या डॉक्टरच्या डोळ्यांना जन्मभरात दिसला नसता. तो दिसायला सोळाशे जणी लागल्या.

दुसरे उदाहरण झारखंडचे. क्षयरोगाच्या घरात उपासमार असली तर रोग फोफावतो, हे आपण ऐकत आलो आहोत. पण अन्न दिल्याने तो किती आटोक्यात येतो? डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ ते २०२२ या काळात चार जिल्ह्यांत हे तपासले. २,८०० रुग्णांपैकी सर्वांना शिधा दिला. त्यांच्या घरच्या १०,३४५ माणसांपैकी मात्र चिठ्ठीने निवडलेल्या भागांतील कुटुंबांनाच दरमहा माणशी पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वे मिळाली. शिधा मिळालेल्या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झाले. फुप्फुसाच्या, संसर्ग पसरवणाऱ्या क्षयाच्या बाबतीत तर ते ४८ टक्क्यांनी घटले. तांदूळ आणि डाळ यांनी एखाद्या लशीसारखे काम केले!

येथे कोणी विचारील, प्रत्येक वेळी चिठ्ठ्या टाकाव्याच लागतात काय? नाही. सिकलसेल हा आपल्या गडचिरोली-नंदुरबारकडील आदिवासी भागांना चांगलाच ठाऊक असलेला रक्ताचा आनुवंशिक विकार. यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि रुग्णाला असह्य वेदनांचे झटके येतात. गर्भात असताना आपल्या रक्तात वेगळ्या जातीचे हिमोग्लोबिन असते आणि जन्मानंतर ते बंद होत जाते. रुग्णाच्याच रक्तमूळपेशी काढून, जनुकात नेमकी कात्री चालवून हे बंद पडलेले हिमोग्लोबिन पुन्हा सुरू करायचे, असा एक उपचार निघाला आणि २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेने त्याला मान्यता दिली. ज्यांना पूर्वी दरवर्षी निदान दोन तीव्र झटके येत होते, अशा ३१ रुग्णांपैकी २९ जणांना उपचारानंतर सलग वर्षभर एकही झटका आला नाही. येथे वेगळा नियंत्रण गट नव्हता. प्रत्येक रुग्णाची तुलना त्याच्याच भूतकाळाशी होती. फरक इतका ढळढळीत असला की तेवढे पुरते. मात्र अमेरिकेत या उपचाराची जाहीर झालेली किंमत २२ लाख डॉलर आहे. आपल्या पाड्यांवर तो कधी पोचणार, हा निराळाच प्रश्न.

शेवटी एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. माणसांच्या जिवाच्या बाबतीत चिठ्ठ्या टाकणे क्रूरपणाचे नाही काय? मलाही प्रथम तसेच वाटले होते. परंतु औषध उपयोगी आहे की नाही हे खरोखरच कोणाला माहीत नसते तेव्हा, आणि रुग्णाने समजून-उमजून होकार दिला असेल तरच चिठ्ठी टाकणे न्याय्य ठरते. उत्तर माहीत असताना चिठ्ठी टाकणे हा गुन्हा होय, आणि उत्तर माहीत नसताना ते माहीत असल्याचा आव आणणे हीदेखील एक प्रकारची क्रूरताच आहे. तिची किंमत कोणी पाटल्यांनी मोजतो, कोणी त्याहून मोठ्या गोष्टीने.

हे सारे वाचून झाल्यावर एके संध्याकाळी मी आईला सांगितले. आकडे सांगितले, चिठ्ठ्यांचे सांगितले. म्हटले, "आई, एक दिवस आधी मिळाला असता तरी काही फरक पडला नसता. तू उशीर केला नाहीस." ती तांदूळ निवडत होती. बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटले, आता पाटल्यांचा विषय निघेल. पण तिने विचारले, "ज्यांना तो दिलाच नाही म्हणतेस, ती दोनशे एकोणतीस माणसं कोण होती गं?"

त्यांची नावे कोठेही छापलेली नाहीत. अशा चाचण्यांत ती छापत नाहीत. पण आमच्या आईच्या मनावरचे चार-पाच वर्षांचे ओझे उतरले ते त्यांच्यामुळे, आणि प्लाझ्मा मिळालेल्या त्या दोनशे पस्तीस जणांमुळे. वैद्यकातील शोधांचे श्रेय आपण संशोधकांना देतो, ते योग्यच आहे. त्यातला एक वाटा या निनावी माणसांचाही आहे. तो त्यांना देता येईल अशी एकच रीत मला दिसते. यापुढे कोणी 'अमुक औषधाने हमखास गुण येतो' असे सांगितले, तर नम्रपणे एवढे विचारावे, "तुलना कोणाशी केली?"