ओळख माणसांची (भाग ७) : कोण कशासाठी धडपडतो?

गेल्या आठवड्यात आपण स्वभावाची पाच परिमाणे पाहिली. माणूस बोलका आहे की अबोल, नेटका आहे की अघळपघळ, एवढे त्यांतून कळते. तो एखाद्या कामात स्वतःहून का उतरतो, हे मात्र त्यांतून कळत नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी रात्री उशिरापर्यंत राबणाऱ्या तीन शिक्षिका डोळ्यांसमोर आणा. तिघी उत्साही, तिघी बोलक्या. एकीला कार्यक्रम गेल्या वर्षीपेक्षा सरस व्हायला हवा आहे. दुसरीला सगळ्यांच्या सोबतीने काम करण्यातच आनंद आहे. तिसरीला आपल्या शब्दावर एवढी माणसे हलतात याचे समाधान आहे. पुढच्या वर्षी मुख्याध्यापकांनी तिघींना सारखेच प्रशस्तिपत्रक दिले, तर तिघींपैकी कोणालाच हवे ते मिळणार नाही.

हार्वर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी या तीन ओढींचा आयुष्यभर अभ्यास केला. आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत त्यांना संपादन प्रेरणा, संलग्नता प्रेरणा आणि सत्ता प्रेरणा म्हणतात. हेन्री मरे यांनी १९३८ मध्ये माणसाच्या मानसिक गरजांची मोठी यादी मांडली होती. मॅक्लेलंड यांनी तिच्यातल्या मोजक्या गरजांवर लक्ष केंद्रित केले आणि मरे यांचीच चित्रांची पद्धत हाती घेतली. थेट विचारले तर माणूस शोभेल असे उत्तर देतो, म्हणून त्याला एक चित्र दाखवायचे आणि त्यावर गोष्ट लिहायला सांगायची. टेबलाशी बसलेला माणूस, समोर कामाचे कागद, शेजारी कुटुंबाचा फोटो. कोणी लिहितो, हा अवघड आराखडा पुरा करण्याच्या खटपटीत आहे. कोणी लिहितो, याला घरच्यांची आठवण येते आहे. लिहिणाऱ्याचे मन कुठे घुटमळते ते अशा गोष्टींतून दिसते. अशा चाचणीच्या भरवशाबद्दल मानसशास्त्रज्ञांत वाद आहेत, आणि ते रास्त आहेत. पण माणूस स्वतःबद्दल जे सांगतो आणि त्याला आतून जे ओढते, ते दोन्ही नेहमी जुळत नाही, हे मॅक्लेलंड यांचे म्हणणे मला फार मोलाचे वाटते.

संपादन प्रेरणा समजून घ्यायची तर त्यांचा रिंग फेकण्याचा खेळ पाहावा. खुंटीवर रिंग टाकायची, उभे कुठे राहायचे ते आपणच ठरवायचे. काही जण खुंटीला चिकटून उभे राहतात, काही पार लांब जातात. संपादन प्रेरणा प्रबळ असलेली माणसे मधले अंतर निवडतात. अगदी जवळून रिंग पडली तर त्यात कर्तबगारी नसते आणि फार लांबून पडली तर तो नशिबाचा भाग असतो. यशाचे श्रेय आपल्या कौशल्याला जाईल अशी जागा ते शोधतात. म्हणून अशी माणसे जुगारी नसतात, उलट जोखीम नीट तोलतात. आपले काम कसे झाले हे त्यांना लगेच कळायला हवे असते. पैसाही त्यांना मुख्यतः हवा असतो तो आपण किती मजल मारली याचे माप म्हणून. अशा माणसाला नुसते ‘छान’ म्हणून भागत नाही, कुठे चुकले आणि कुठे साधले ते नेमके सांगावे लागते.

मग कंपन्या काय करतात? सर्वांत जास्त विक्री करणाऱ्याला विक्री विभागाचा प्रमुख करून टाकतात. आता त्याने स्वतः विकायचे नसते, दुसऱ्यांकडून विक्री करून घ्यायची असते, आणि तिथे तो कोमेजतो. मॅक्लेलंड आणि डेव्हिड बर्नहॅम यांनी १९७६ मध्ये व्यवस्थापकांबद्दल लिहिलेल्या लेखाचा रोख हाच होता. चांगल्या व्यवस्थापकात सत्ता प्रेरणा प्रबळ असते, पण तिला संयमाची जोड असते आणि ती संस्थेच्या कामी येते. सगळ्यांचे प्रेम हवे असलेला अधिकारी मात्र ज्याच्या-त्याच्यासाठी अपवाद करत बसतो आणि बाकीच्यांना तो अन्याय वाटतो.

सत्तेची ओढ म्हटले की आपण नाक मुरडतो. हे मला पटत नाही. दूध संघ असो, ग्रामपंचायत असो की शिक्षणसंस्था, माणसे जमवून त्यांच्याकडून काम करून घेण्यात ज्याला रस आहे, असे कोणीतरी तिथे लागतेच. प्रश्न एवढाच, की त्या ओढीचा फायदा माणसे मोठी होण्यात होतो की त्याचा एकट्याचा दबदबा वाढण्यात. त्याच वेळी संलग्नतेला दुबळेपणा समजणेही चूक आहे. रुग्णाजवळ बसणारी परिचारिका, वस्तीत घरोघर फिरणारी आशा कार्यकर्ती यांच्या कामाचा जीवच नात्यात असतो. अशा व्यक्तीला बढती देऊन एका खोलीत फायलींसमोर बसवले, तर ती शिक्षाच ठरते.

या तिन्ही ओढी थोड्याफार प्रमाणात प्रत्येकात असतात, त्यामुळे माणसांवर कायमची लेबले लावू नयेत. प्रेरणा जन्मजात आणि अचल असते का, हे तपासणारा एक मोठा प्रयोग आपल्याच देशात झाला. १९६४ च्या सुमारास आंध्रातल्या काकीनाडा शहरातल्या छोट्या व्यापारी-उद्योजकांना हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेत काही दिवस शिकवण्यात आले. आपल्या गोष्टींतून संपादनाचे विचार ओळखणे, झेपेल पण ताण देईल असे उद्दिष्ट ठरवणे, खेळांतून जोखीम तोलणे असा तो अभ्यास होता. मॅक्लेलंड आणि डेव्हिड विंटर यांनी १९६९ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. प्रशिक्षण न घेतलेल्यांच्या तुलनेत या मंडळींनी धंद्यात अधिक हालचाल केली, नवे उद्योग काढले, माणसे कामावर घेतली. पारंपरिक वेश, जातीच्या चालीरीती, पूजाअर्चा यांची आडकाठी होईल अशी शंका होती, ती खोटी ठरली. पुढे गुजरातेत १९७० पासून उद्योजकता प्रशिक्षणाचे वर्ग सुरू झाले, महाराष्ट्रातही तसे वर्ग आले, आणि डोळे बांधून ठोकळ्यांचा मनोरा रचण्यासारखे खेळ त्यांत खेळवले जाऊ लागले. मनोरा रचण्याआधी प्रत्येकाला विचारतात : किती ठोकळे रचाल?