सायंप्रार्थनेतील स्तोत्रगायन : गद्य आणि स्वर

इंग्लंडमधील अँग्लिकन सायंप्रार्थनेत कोणते स्तोत्र गावयाचे, हे मूलतः गायकवृंदाच्या रुचीवर सोपविलेले नाही. १६६२ च्या प्रार्थनाग्रंथाने दीडशे स्तोत्रे तीस दिवसांच्या सकाळ-सायंकाळांत वाटून दिली आहेत. पंधराव्या सायंकाळी ७३ वचनांचे अठ्ठ्याहत्तरावे स्तोत्र एकटेच येते. त्या ग्रंथात पत्रे व शुभवर्तमाने यांतील उतारे १६११ च्या भाषांतरानुसार बदलले. स्तोत्रे मात्र कव्हरडेलच्या सोळाव्या शतकातील भाषांतराचीच राहिली, कारण ती गाणाऱ्यांच्या जिभेवर रुळली होती.

ही स्तोत्रे छंदोबद्ध नसून गद्य आहेत. एकेरी चालीत पूर्वार्धास चार व उत्तरार्धास सहा, असे दहाच स्वरमेळ असतात. वचनांची लांबी मात्र अनियत. म्हणून प्रत्येक अर्धाच्या पहिल्या स्वरमेळावर हवी तितकी अक्षरे म्हणतात आणि पुढील स्वर कोणत्या अक्षरावर पालटावयाचा, हे खुणांनी दर्शवितात. खूण चुकली की गौण अक्षरावर आघात पडतो व अर्थ झाकोळतो. एकोणिसाव्या शतकातील अनेक पाठांत तालाची गणती वरचढ होती. विसाव्या शतकात भाषणाची स्वाभाविक लय प्रमाण ठरली.

आज अनेक ठिकाणी मासिक क्रमाऐवजी निवडक, आटोपशीर स्तोत्रे गातात. वेळ वाचतो, परंतु विलाप, कोप व स्तुती यांना समान वाटा देणारी, निवडीस वाव न ठेवणारी शिस्त त्यामुळे शिथिल होते.