डहाणूचे वर्जित क्षेत्र आणि गव्हर्नरची निवड

1935 च्या भारत सरकार कायद्याखाली डहाणू व शहापूर हे तालुके आणि मोखाडा व उंबरगाव हे पेटे ‘अंशतः वर्जित क्षेत्र’ ठरले. म्हणजे तेथील कारभार मंत्र्यांकडे असला, तरी विधिमंडळाचा कायदा गव्हर्नरने अधिसूचना काढल्याखेरीज तेथे लागू होत नसे आणि तेथील शांतता व सुशासन ही त्याची विशेष जबाबदारी मानली जाई. साहजिकच मुंबईच्या गव्हर्नरपदी कोण येतो, याच्याशी डहाणू तालुक्यातील कासा परिसराचा संबंध कायद्यानेच जोडला गेला होता.

मुंबई, मद्रास व बंगाल येथे हे पद सनदी नोकराला न देता ब्रिटिश सार्वजनिक जीवनातील व्यक्तीला देण्याचा प्रघात होता. सनदी नोकराच्या नेमणुकीचा प्रश्न किती पेटू शकतो, हे 1938 मध्ये ओरिसात दिसले. मंत्र्यांच्या हाताखालील सनदी अधिकारी डेन यांना हंगामी गव्हर्नर नेमण्यास बिश्वनाथ दास मंत्रिमंडळाने विरोध केला आणि अखेर गव्हर्नर हबॅक यांनी आपली रजाच रद्द केली.

1943 मध्ये मुंबईत आलेले सर जॉन कोल्व्हिल हे स्कॉटलंडचे माजी मंत्री होते. मंत्रिमंडळाअभावी 1935 च्या कायद्याच्या कलम 93 खाली सारी सत्ता गव्हर्नरकडे एकवटली असतानाच, ऑक्टोबर 1945 मध्ये, याच भागातील तलवाड्याला जमलेल्या वारली आदिवासींवर गोळीबार झाला. त्यांचा लढा वेठबिगारीविरुद्ध आणि ‘लग्नगडी’ पद्धतीविरुद्ध होता. लग्नासाठी काढलेल्या कर्जापोटी नवरा-बायकोने सावकाराच्या घरी वर्षानुवर्षे राबायचे, अशी ती पद्धत होती.

1947 मध्ये सत्तांतर सुरळीत व्हावे म्हणून काँग्रेसच्या संमतीने कोल्व्हिल यांना पदावर ठेवले गेले आणि जानेवारी 1948 मध्ये राजा महाराज सिंग हे मुंबईचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. या निवडींत लंडनची सोय, काँग्रेसचा कल आणि सनदी नोकरांचा मान तोलला गेला. मताधिकार मुख्यतः मालमत्तेशी जोडलेला असल्याने भूमिहीन वारल्याचे वजन मात्र त्या तराजूत पडलेच नाही.

राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीने कायदे लागू करण्याचा जुना क्रम उलटवला: कायदा आता आपोआप लागू होतो आणि तो अनुसूचित क्षेत्रात लागू नसावा, असे वाटल्यास राज्यपालाने तसे जाहीर करायचे असते. डहाणू व शेजारचा तलासरी हे तालुके आजही अनुसूचित क्षेत्रात आहेत; तेथील मतदाराला आता आमदार निवडता येतो, पण हा विशेष अधिकार ज्याच्या हाती आहे, त्याची निवड आजही दुसरीकडेच होते.