औसा येथील दुर्गांतील राजगृह व जलमहाल

इंग्लंडांतील जुन्या सरदारी वाड्यांचा इतिहास लिहिणें तुलनेनें सोपें आहे. डर्बीशायरमधील हॅडन हॉल या वाड्याचा कांहीं भाग १२ व्या शतकांतील, तर कांहीं १७ व्या शतकांतील आहे; परंतु वास्तु वारसानें व विवाहसंबंधानेंच एका कुळाकडून दुसऱ्याकडे गेल्यामुळें घराबरोबर घरचें दप्तरहि टिकलें. आपल्याकडे राजगृह दुर्गाच्या पोटांत असतें, आणि दुर्गाचा धनी बदलला कीं दप्तराचीहि पांगापांग होते. लातूर जिल्ह्यांतील औसा हें त्याचें ठळक उदाहरण होय.

या दुर्गाची स्थापना बहमनी वजीर महमूद गावान (वध १४८१) याच्या काळांत झाली अशी परंपरा आहे. १५ व्या शतकाच्या अखेरीस औसा, कंधार व उदगीर हीं ठाणीं कासीम बरीद याच्या जहागिरींत आलीं. पुढें तीं निजामशाहींत गेलीं, आणि १६३६ मध्यें शहाजहानचा सरदार खान-इ-दौरान यानें उदगीर व औसा हे दोन्ही दुर्ग घेतले. नंतर आसफजाही अंमल आला, तो १९४८ पर्यंत चालला. ज्या युद्धास उदगीरचें नांव मिळालें, त्यांतील ३ फेब्रुवारी १७६० ची निर्णायक झुंज औशाच्याच परिसरांत झाली, हें पुष्कळांच्या ध्यानांत नसतें.

दुर्ग खोलगट जागीं असून आकारानें जवळजवळ चौरस आहे. सभोंवारची जमीन चढी असल्यामुळें परक्या सैन्यास तट लांबून दिसत नाहीं. उलट आंतील उंच बुरुजावरून दूरवरचा मुलूख टेहळतां येतो. बाहेर खंदक (आतां बराचसा बुजलेला), मग दुहेरी तट आणि तोफांचे बुरुज. पहिल्या दरवाज्यास लोहबंदी व दुसऱ्यास अहशमा म्हणतात. मनूच्या सहा दुर्गांपैकीं हा महीदुर्ग म्हणावा, कीं खंदक भरलेला असतां अब्दुर्ग, असा प्रश्न एखादा शास्त्री काढील. पण असली वर्गवारी फार ताणूं नये. तोफांसाठीं घडविलेले बुरुज पाहतां आज दिसणारा सगळा तट महमूद गावानाच्या पदरीं घालणें मला सयुक्तिक वाटत नाहीं. मूळ ठाणें त्याच्या काळचें, व तोफखान्याचें महत्त्व वाढल्यावर पुढील धन्यांनीं तें मजबूत केलें, असें मानणें अधिक योग्य.

आंत राणीमहाल, लालमहाल या नांवांनीं ओळखल्या जाणाऱ्या वास्तूंचे अवशेष आहेत. मात्र अभ्यासकानें खरें थांबावें तें जलमहालापाशीं. पाण्याच्या मोठ्या हौदाच्या तळाशीं हें दालन आहे. हौदाचा तळ हेंच दालनाचें छत. वर पाण्याचें ओझें, आणि खालीं छत मात्र गळत नाहीं, अशी याची ख्याति आहे. हें साधण्यास चुन्याचा गिलावा व कमानींची बांधणी अचूक हवी. खोलगट जागेचा येथें दुसरा उपयोग दिसतो: चढावरचें पावसाचें पाणी सहज आंत वळवितां येतें.

नळदुर्गचा पाणीमहाल याहून वेगळा. दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या कारकीर्दींत, १६१३ मध्यें, बोरी नदीवरील बांधाच्या पोटांत तो बांधला गेला, व कोसळत्या पाण्याची शोभा पाहणें हें त्याचें प्रयोजन. औशाचें दालन शोभेसाठीं नसून उन्हाळ्यांतील गारव्यासाठीं आहे. अशा निवासाची कल्पना आपणांस नवी नाहीं. भासाच्या ‘स्वप्नवासवदत्त’ नाटकांत शिरोवेदना झालेल्या पद्मावतीची शय्या समुद्रगृहांत केल्याचें येतें. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रां’तहि समुद्रगृह आहे. म्हणून औशाचें दालन त्याच परंपरेंतून उतरलें असें मात्र म्हणतां येत नाहीं. तापलेल्या देशांत दोन कारागिरांस एकच युक्ति स्वतंत्रपणें सुचूं शकते. इतकें खरें कीं, असें दालन वेढ्याच्या धामधुमींत कोणी बांधीत नाहीं. तें ज्यास दीर्घकाळ तेथें राहावयाचें होतें अशा स्वस्थ धन्याचें काम होय.

पुढील शोधाची दिशा कागदांत आहे. मोगल कारभाराचीं दख्खनविषयक पत्रें हैदराबादच्या दफ्तरखान्यांत व दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारांतील इनायतजंग संग्रहांत आहेत. त्यांत केवळ ‘औसा’ हें नांव पाहून चालणार नाहीं. मलिक अंबरानें या ठाण्यास अंबरपूर हें नांव दिलें व त्याचेंच अमरापूर झालें असें सांगतात. तेव्हां तीं दोन्ही नांवें ध्यानांत ठेवावीं. मात्र अमरापूर नांवाचीं गांवें अन्यत्रहि असल्यामुळें, कागदांत शेजारच्या परगण्यांचा उल्लेख असल्याखेरीज तो औशाचा मानूं नये. ज्या संग्राहकांजवळ औसा परगण्याच्या देशमुखी अथवा कुळकर्णी घराण्यांचीं बाडें असतील, त्यांनीं चुना, दगड व बिगारी यांच्या खर्चाचे तपशील असलेले फुटकळ ताव निराळे काढून ठेवावे.